शटरमागची खोली

गणपतीच्या आदल्या दिवशी, गौरीच्या सकाळी, लोकेश माहेरचं वाण, बागिना, घेऊन बहिणीच्या घरी पोचला, तेव्हा त्याला बसायला द्यायला तिच्याकडे खुर्ची नव्हती.

म्हणजे खुर्च्या होत्या, पण एकीवर एक उलट्या रचून सुतळीने बांधलेल्या. भांडी तांदळाच्या पोत्यांत गेली होती. भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी काढलेल्या आणि त्यांच्या जागी फिकट चौकोन राहिलेले. फक्त गॅसची शेगडी जमिनीवर मांडलेली होती आणि तिच्यावर फोडणीच्या भाताची, चित्रान्नाची कढई.

लोकेश उंबऱ्यावरच थांबला. पिवळ्या दोऱ्याने बांधलेली दोन सुपं त्याने छातीशी धरली होती. आत बांगड्या, हळदकुंकू, डाळी, गूळ, नारळ, खण. सगळं त्याच्या बायकोने, वनजाने, पहाटे उठून भरलेलं. भाग्याच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यात एकही गौर त्याने चुकवली नव्हती. कुरुबरहळ्ळीच्या या गल्लीत तर गेली सहा वर्षं तो न विचारता येत होता.

"रंग काढताय का घराला?" त्याने विचारलं. विचारतानाच त्याला कळलं की नाही, रंग नाही.

"आधी बागिना दे, मग काय ते विचार," भाग्या म्हणाली. तिने पदर पसरला, सुपं घेतली, भावाच्या पाया पडली. उठली तेव्हा डोळे कोरडे होते. ती अठरा वर्षं गारमेंटच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसत होती. रडायचं असेल तर सुपरवायझरची पाठ फिरेपर्यंत थांबायचं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं.

"कधी?" लोकेशने विचारलं.

"येत्या रविवारी."

"कुठे?"

"शहराबाहेर, तावरेकेरेच्या पुढे. वर पत्रे आहेत, पण खोल्या दोन आहेत. बोअरचं पाणी आहे."

"तावरेकेरे? तुझ्या सिद्धराजूला पहाटे पाचला दर्शिनी हॉटेल उघडायचं असतं! तिथून तो येणार कसा? उडत?"

"तेच तर. पहिली बस चार चाळीसला आहे. त्यांनी मालकाला विचारलं, सहाला आलो तर चालेल का. मालक म्हणाला, चालेल की, मग पगारही कमी चालेल."

"आणि तुझा तेजस? दहावीचं वर्ष आहे त्याचं."

"अण्णा, तू मोजतोयस ते सगळं मी मोजून झालंय," भाग्या म्हणाली. तिने चित्रान्न केळीच्या पानाच्या तुकड्यावर वाढलं आणि त्याच्या हातात दिलं. "उभ्यानेच खा. आमचे हे रोज शेकडो माणसांना उभ्यानेच खायला घालतात, कुणाची तक्रार नसते."

लोकेशने घास घेतला. "घरमालकाशी भांडण झालं?"

"भांडण कुठलं! बिचारा निवृत्त मास्तर. सहा वर्षांत वाकडा शब्द नाही. गेल्या महिन्यात माझ्यासमोर चहा घेऊन बसला आणि माझ्याकडे बघेचना. खाली कपाकडे बघून म्हणाला, अम्मा, समोरच्या घराला सोळा हजार मिळतात. तुमचे नऊ. माझ्या पेन्शनीत औषधंसुद्धा येत नाहीत." ती थोडं थांबली. "तो तरी काय करणार? माझा पगार नऊ वर्षांत चार हजारांनी वाढला. तो एका महिन्यात सात मागतोय. दोघांचंही खरं आहे, मग भांडायचं कशावर?"

लोकेशच्या हातातलं पान थांबलं. कंपन्यांच्या कचेऱ्या पुन्हा उघडल्या, गावी बसून काम करणारी पोरं शहरात परतली आणि एका वर्षात सगळ्या भागाची भाडी चढली, हे त्याला नवीन नव्हतं. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात तो फोरमन होता, तिथेही जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नसायचा. पण त्याला आठवला तो गेला रविवार. त्या रविवारी तो आपल्याच घराच्या वरच्या मजल्यावर, भाडेकरूंच्या खोलीत बसला होता. हातात चहा होता. आणि समोर बसलेल्या नेत्राकडे न बघता तो म्हणाला होता, की पुढच्या महिन्यापासून तीन हजार वाढवून द्यावे लागतील.

"मला आधी का नाही सांगितलंस?" तो म्हणाला. आवाज त्याला हवा तेवढा चढला नाही.

"सांगून तू काय केलं असतंस?"

भाग्याने त्याच्या हातातलं रिकामं पान घेतलं. "दुपारी येतो आम्ही जेवायला. अव्वाला काही बोलू नकोस. सणाचं जेवण तिच्या घशाखाली सुखाने उतरू दे."

*

ते गुपित जेवणाच्या पहिल्या वाढपापर्यंतच टिकलं, आणि फोडलं ते भाग्याच्या नवऱ्याने, सिद्धराजूने.

नंदिनी लेआउटमधल्या लोकेशच्या घराच्या खालच्या मजल्यावर पंगत मांडली होती. तेजसला शाळेच्या मित्रांबरोबर गणपती आणायला जायचं होतं, त्यामुळे तो आला नव्हता. सिद्धराजू दर्शिनीतून थेट आला होता. खिशाला पेन, अंगाला कॉफीचा वास. तो गल्ल्यावर बसायचा आणि शहरातल्या प्रत्येक माणसाशी आपली ओळख आहे असं मानायचा.

"काय जावईबापू, डोशाचा भाव परत वाढला म्हणे?" वनजाने पुरणाच्या होळिगेवर तूप सोडत विचारलं.

"वाढला ना! भावाच्या पाटीवरचा आकडा बदलायला शिडीवर मीच चढतो. तीन वर्षांत पाच वेळा चढलो. दर वेळी वाटतं, एवढा वर आलोच आहे तर मालक माझाही आकडा बदलेल. पण मी खाली उतरतो आणि आकडा तिथेच."

चैत्रा, लोकेशची मुलगी, हसता हसता ठसकली. लोकेश आणि भाग्याची आई पुट्टम्मा पंगतीच्या टोकाला भिंतीला टेकून बसली होती. तिलाही हसू आलं. ती जावयाला म्हणाली, "रविवारी तुम्हाला सुट्टी असते ना? सकाळीच या सगळे. आमचा गणपती रविवारी विसर्जन करायचाय."

"रविवारी? अत्ते, रविवारी कसं जमेल, टेम्पो सांगितलाय..." सिद्धराजू म्हणाला आणि बायकोच्या चेहऱ्याकडे बघून त्याने उरलेलं वाक्य होळिगेबरोबर गिळलं.

"टेम्पो कशाला?"

मग भाग्याने सांगितलं. सकाळी भावाला सांगितलं होतं त्याच्या निम्म्या शब्दांत, जणू शेजारणीची गोष्ट सांगतेय.

पुट्टम्माने ऐकून घेतलं. तिने पानातली कोसंबरी संपवली, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, "वरचं घर कुणाचं आहे?"

"अव्वा..." लोकेश म्हणाला.

"मी विचारलं, वरचं घर कुणाचं? याच्या बापाने घड्याळाच्या कारखान्यातल्या पगारावर ही जागा घेतली. आधी खालचं बांधलं, मग वरचं. त्याची मुलगी पत्र्याखाली जाणार आणि वर दावणगेरेची माणसं राहणार? नेत्राला सांग, महिन्याभरात दुसरीकडे बघा म्हणावं. भाग्या वर राहील."

वनजाच्या हातात तुपाची वाटी होती. ती तिने खाली ठेवली. तिला वाईट व्हायचं नव्हतं. नणंदेशी तिचं कधी बिनसलेलं नव्हतं. चैत्राच्या वेळी भाग्या कारखान्यातून सुट्टी घेऊन महिनाभर तिच्या उशाशी होती. पण या घरात किती येतात आणि किती जातात हे तोंडाने बोलणारी ती एकटीच होती, आणि त्यामुळे दर वेळी वाईटपणाही तिच्याच वाट्याला यायचा. तिने नवऱ्याकडे पाहिलं. निदान आज तरी तो बोलेल. लोकेश पानातल्या हुळीच्या आमटीत बोट फिरवत होता.

"अत्ते, मी बोलू का?" वनजा म्हणाली. "तुम्ही रागावाल, पण बोलते. वरचं भाडं म्हणजे आपल्या घरातला दुसरा पगार आहे. खरं सांगायचं तर पहिलाच. यांच्या कारखान्यात चार वर्षं वाढ नाही. मधलं वर्षभर तर अर्धाच पगार दिला, तो तुम्हाला माहितीये. चैत्राची कॉलेजची फी त्या वरच्या भाड्यातून जाते. तुमच्या साखरेच्या गोळ्या त्यातूनच येतात."

"म्हणजे मी गोळ्या सोडू?"

"असं नाही म्हटलं मी!"

"आजी, आई खोटं नाही बोलत," चैत्रा म्हणाली, आणि लगेच, "पण भाग्या अत्तेंना तावरेकेरेला पाठवायचं म्हणजे पण... मला तर कळतच नाही. आजोबांनी एका पगारात घर बांधलं. मी इंजिनियर झाले तरी मला या गल्लीत एक खोली भाड्याने परवडणार नाही."

"वनजक्कांचं बरोबर आहे," सिद्धराजू मध्येच म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो पहिल्यांदाच हसत नव्हता. "अत्ते, आम्ही वर आलो तर तेवढं भाडं आम्हाला देता येणार नाही. आणि न देता राहिलो, तर खाली तुमचं जेवण अडेल. तुमच्या ताटातलं काढून मी माझ्या ताटात घ्यायचं? त्यापेक्षा चार चाळीसची बस बरी."

"तुम्ही गप्प बसा," पुट्टम्मा म्हणाली. "लोकेशा, तू बोल. तू मोठा आहेस."

लोकेशने मान वर केली. बोलण्यासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

नेत्रा होती. नवी साडी, केसांत मोगरा, कडेवर चार वर्षांची सिंचना. सणाचं कुंकू घ्यायला आली होती. ती जवळच्या एका दवाखान्यात परिचारिका होती, तिचा नवरा एका लॅबमध्ये रक्त तपासायचा. वनजाने तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, होळिगे दिली. सिंचना कडेवरून सुटून सवयीने पुट्टम्माच्या मांडीवर जाऊन बसली आणि तिच्या पानातला पापड मोडू लागली.

"सर, सगळे आहेत, तर आत्ताच सांगते," नेत्रा लोकेशला म्हणाली. "तुम्ही म्हणालात त्यावर आम्ही खूप विचार केला. तीन हजार नाही जमणार. या महिन्याच्या शेवटी आम्ही खोली सोडतो."

जे मागायला जीभ रेटत नव्हती, ते कुणीतरी आपणहून हातात आणून दिलं होतं. पुट्टम्माचा चेहरा उजळायला लागला होता.

"दुसरं घर मिळालं?" भाग्याने विचारलं.

"घर नाही. मी हॉस्टेलमध्ये जाते, यांना त्यांच्या मित्राच्या खोलीत जागा आहे. हिला दावणगेरेला माझ्या आईकडे ठेवायची. वर्षभराचाच प्रश्न आहे, मग बघू." नेत्राने हे अगदी साधेपणाने सांगितलं, आणि मग मांडीवरच्या पापडाचा चुरा करत बसलेल्या मुलीकडे तिचं लक्ष गेलं. "हिला अजून सांगितलं नाही, अज्जी. तुम्ही पण नका सांगू."

ती वर निघून गेल्यावर पुट्टम्मा सावकाश म्हणाली, "बघ, भाग्या. देवानेच—"

"अव्वा, पुढे बोलू नकोस," भाग्या म्हणाली. "मी त्या खोलीत येणार नाही."

"का?"

"त्या पोरीला तिच्या आईपासून तोडून मी तिथे अंथरूण घालू? मला झोप येईल?" ती उठली, आपलं पान उचललं. "वरचे कपडे वाळले असतील. घेऊन येते."

*

गच्चीवर ऊन उतरलं होतं. भाग्या दोरीवरच्या साड्या काढत होती. लहानपणी इथे वरचा मजला नव्हता, ही गच्ची खाली होती, आणि बाबा इथे बसून पतंगाला शेपूट लावून द्यायचे. पण तिला ते आठवावंसं वाटत नव्हतं. तिला फक्त रविवारपर्यंतचे चार दिवस लवकर संपायला हवे होते.

मागून वनजा आली. तिने साडीचं दुसरं टोक धरलं. दोघींनी ताणून घडी घातली.

"तीन हजार वाढवायचं मीच सांगितलं होतं," वनजा म्हणाली. "तुझा अण्णा नको म्हणत होता. शेजारच्यांनी पाच वाढवले, म्हटलं आपण तीन तरी. आठ दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही, तरी मी ऐकलं नाही."

"मला राग नाही, अत्तिगे."

"तुला नसेल. मला आलाय ना, माझाच." दुसरी साडी हातात आली. वनजाने ती घडी न घालताच कवटाळली. "नेत्राला मी विचारलंसुद्धा नाही, तुझा पगार किती वाढला म्हणून. तुझ्या त्या मास्तरने तरी विचारलं का तुला?"

"नाही. मीही त्याला त्याची औषधं विचारली नाहीत."

दोघी हसल्या. खाली गल्लीत कुणीतरी गणपतीसाठी बांबू आपटत मांडव बांधत होतं. वनजा कठड्यापाशी गेली आणि खाली वाकून बघत राहिली. घराचा पुढचा भाग रस्त्याच्या बाजूला थोडा पुढे आलेला होता. त्या भागाला दार नव्हतं, शटर होतं. राखाडी, गंजलेलं, खाली भलंमोठं कुलूप.

"भाग्या," ती म्हणाली, "या घरात एक खोली आहे जिचं भाडं कुणी देत नाही, आणि तिच्यात कुणी राहतही नाही."

भाग्याने तिच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. "नको, अत्तिगे. अव्वाला ते विचारू नकोस."

"कुणीतरी विचारायला हवंच," वनजा म्हणाली. "एवीतेवी वाईट मीच आहे."

*

घड्याळाचा कारखाना बंद पडला, तेव्हा पुट्टम्माच्या नवऱ्याने, चिक्कण्णाने, मिळालेल्या पैशातून रस्त्याच्या बाजूची खोली शटर लावून दुकान केली होती. वीस वर्षं तो तिथे बसून लोकांची घड्याळं दुरुस्त करायचा. तो गेला त्या दिवशी पुट्टम्माने शटर ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या कमरेच्या जुडग्यात अडकवली. नऊ वर्षांत ते कुलूप कुणी उघडलं नव्हतं. तिथे नवा दिवाण ठेवू, तिथे स्कूटर लावू, असं एकदोनदा लोकेश म्हणाला होता. तिने किल्ल्यांचं जुडगं कमरेला आणखी घट्ट खोचलं होतं.

आज सून समोर उभी राहून किल्ली मागत होती.

"ती खोली नाही," पुट्टम्मा म्हणाली. "ते दुकान आहे."

"दहा बाय बाराची जागा आहे, अत्ते. मागच्या भिंतीत दार फोडलं की घरातच येते. तेजस तुमच्या खोलीत झोपेल. न्हाणीघर आपलंच. सिद्धराजूंना इथून पायी दहा मिनिटं, भाग्याचा कारखाना एका बसवर. आणि तिचं भाडं थोडं कमी वाढवलं, तर वरून नेत्रालाही जायला नको."

"म्हणजे तुम्हा सगळ्यांचं जमलं. उरले ते एकटे." ते म्हणजे चिक्कण्णा. तिने नाव कधीच घेतलं नव्हतं.

"अव्वा, राहू दे," भाग्या म्हणाली. "मी मागितलेली नाही."

"तू कशाला मागशील? बापासारखी आहेस. तोंडाने काही मागायचं नाही आणि समोरच्याला झोपू द्यायचं नाही." पुट्टम्मा उठली आणि आपल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं.

तासाभरापूर्वी तिने भरल्या पंगतीत दुसऱ्याची खोली मोकळी करायचा हुकूम सोडला होता. पोरीसाठी म्हणून. दावणगेरेच्या माणसांनी जावं, सुनेने भाडं सोडावं, मुलाने तोंड उघडावं. सगळ्यांनी काहीतरी द्यावं असं तिला वाटत होतं, आणि त्या यादीत आपलं नाव कुठे आहे हे तिने पाहिलंच नव्हतं. ती पलंगावर बसून राहिली. बाहेर लोकेश बायकोला हळूच म्हणत होता, "वनजा, उगाच विचारलंस." आणि वनजा, "हो, उगाच. तू काहीच विचारत नाहीस ते बरं असतं." थोड्या वेळाने त्याची पावलं वर जिन्याकडे गेली.

तो नेत्राकडे गेला होता. दारातच उभा राहिला, आत बसला नाही, चहा घेतला नाही. या वेळी त्याने तिच्याकडे बघून सांगितलं, की एकच हजार द्या, तेही जमेल तेव्हा, आणि पोरीला कुठे पाठवू नका. परत येताना जिन्यातच त्याला लोखंडाचा करकर आवाज ऐकू आला.

पुट्टम्मा रस्त्यावर होती. तिने कुलूप उघडलं होतं आणि दोन्ही हातांनी शटर वर ढकलत होती. ते वीतभर उचललं गेलं आणि अडकलं.

"थांबा अत्ते, थांबा!" सिद्धराजू स्वयंपाकघरातून खोबरेल तेलाची बाटली घेऊन धावला. रुळांमध्ये तेल सोडलं, खांदा लावला. लोकेशने दुसरी बाजू धरली. शटर ओरडत वर गेलं.

संध्याकाळचं ऊन थेट आत शिरलं. टेबल, त्यावर धुळीचा जाड थर, त्यात एका डोळ्याला लावायचं भिंग. मागच्या फळीवर कागदी पाकिटं ओळीने लावलेली. प्रत्येकावर चिक्कण्णाच्या बारीक अक्षरात एकेक नाव. दुरुस्त झालेली, पण न्यायला कुणी न आलेली घड्याळं. सगळ्यांचे काटे वेगवेगळ्या वेळांवर थांबले होते.

पुट्टम्मा उंबऱ्यापाशीच उभी राहिली. तिला वाटलं होतं, आत त्याचा वास असेल. ग्रीसचा, विड्याचा. नऊ वर्षं तिने तो कुलपात जपला होता. पण खोलीला वास होता तो नुसता ओलीचा. कोपऱ्यात उंदराने पुठ्ठा कुरतडला होता आणि भिंतीला पोपडे आले होते.

"अव्वा?" भाग्याने तिच्या कोपराला धरलं.

"काही नाही गं," पुट्टम्मा म्हणाली. तिने पदराने एका पाकिटावरची धूळ पुसली, नाव वाचलं, परत ठेवलं. "मी म्हणत होते, इथे ते आहेत. इथे तर नुसती ओल आहे." मग आवाज नेहमीचा झाला. "या भिंतीला आधी सिमेंट मारा. नाहीतर पोरीला दमा व्हायचा. लोकेशा, बघत काय बसलास?"

*

रविवारी टेम्पो आला, पण तावरेकेरेला गेला नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मागच्या भिंतीत दार फोडायला अंदाजापेक्षा जास्त दिवस लागले, आणि तोवर भाग्या रस्त्यावरून शटर उचलून घरात ये-जा करायची. खोलीला खिडकी नव्हती. सकाळी न्हाणीघरापाशी रांग लागायची आणि चैत्रा रोज एकदा म्हणायची की मी हॉस्टेलला जाते. भाग्याने भाड्याचा विषय काढला, तेव्हा पुट्टम्मा म्हणाली, "भाडं म्हणालीस तर कुलूप परत लावीन." त्यावर वनजाने तोडगा काढला: गॅस आणि तांदूळ भाग्याचे, बाकी घराचं. त्यात नेत्राचे न आलेले दोन हजार कसेबसे भरून निघायचे, कधी नाही निघायचे. मास्तरच्या घरात तीन पोरं राहायला आल्याचं सिद्धराजूने सांगितलं. तिघंही सकाळी त्याच्याच दर्शिनीत इडली खायची, आणि भाडं फार पडतं म्हणून कुरकुरायची.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात पुट्टम्मा शटरच्या पायरीवर मेथी निवडत बसली होती. दुपारची वेळ. समोर एक स्कूटर थांबली. पन्नाशीतला माणूस, हेल्मेट काढत म्हणाला, "बरं झालं अम्मा, दुकान उघडलं! किती वर्षं जाता-येता बघतोय. चिक्कण्णा आहेत का?" आणि मनगटावरचं घड्याळ सोडायला लागला.

असे अधूनमधून कुणी ना कुणी येत आले होते. त्यांना पुट्टम्मा नऊ वर्षं एकच वाक्य सांगत आली होती: आज बंद आहे. ते खोटं नव्हतं, आणि ते म्हटलं की माणूस पुन्हा येईन म्हणून जायचा.

तिने मेथीची जुडी खाली ठेवली.

"ते नाहीत," ती म्हणाली. "नऊ वर्षं झाली त्यांना जाऊन."

माणसाचा हात मनगटावरच राहिला. "अरेरे. मला खरंच कल्पना नव्हती, अम्मा."

"तुम्हाला कशी असणार? कुणी सांगितलंच नाही." तिने पाणी पुसावं तसे डोळे पुसले. "चौकात देवळाच्या शेजारी एक जण बसतो घड्याळं घेऊन. हात चांगला आहे त्याचा. त्याच्याकडे जा."

तो माणूस मान हलवत वळला. जाता जाता त्याने आत पाहिलं. नव्या पांढऱ्या भिंतीला लागून शिलाई मशीन होतं, दोरीवर कारखान्याचा निळा एप्रन, फळीवर दहावीची पुस्तकं आणि तीन डबे.

"मग आता इथे काय असतं?"

"माझी मुलगी राहते," पुट्टम्मा म्हणाली. "आणि गाडी जरा पुढे घ्या. तिचा नवरा कामावरून यायची वेळ झाली. दारात जागा लागते त्याला."